संदर्भ: मी स्वतः

निवृत्त पंपचालक काकांना सुनेने ऑनलाइन ज्ञानकोशात लिहायला शिकवलं. पाणीपुरवठा केंद्राच्या लेखात त्यांनी मोठ्या ऐटीत वाक्य घातलं, ‘महापुरात पंप क्षणभरही थांबला नाही.’ खाली संदर्भ दिला: ‘मी स्वतः. तिथेच होतो.’

तासाभरात कुणा अनोळखी संपादकाने ते खोडलं. काकांचं डोकंच फिरलं.

“कंबरभर पाण्यात मी उभा होतो, आणि हा दीडशहाणा मलाच पुरावा मागतो?”

“बाबा, रागावू नका. त्यांनी लिहिलंय, वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं बघा म्हणून,” सून म्हणाली.

काका तणतणतच गेले. चौथ्या गठ्ठ्यात बातमी सापडली. पंप चांगला चाळीस मिनिटं बंद पडला होता, आणि बुडी मारून जाळीतला गाळ काढणाऱ्या फिटरचं नाव छापलं होतं. ते काकांचे उस्ताद, त्यांना हातात पाना धरायला शिकवणारे. तीस वर्षं तीच फुशारकी मारता मारता काका ती चाळीस मिनिटं विसरले होते, आणि त्यांच्याबरोबर उस्तादांनाही.

घरी येऊन त्यांनी उस्तादांचं पूर्ण नाव लेखात घातलं. तारीख, पान, सगळं दिलं. मग त्या अनोळखी संपादकाला दोन ओळी लिहिल्या: “तुम्ही मला खोडलंत म्हणून उस्ताद सापडले. फार उपकार झाले.”