मंजीच्या जिभेचं निदान

कात्री उकळत ठेवली आणि मी मंजीच्या बापाला सांगून मोकळा झालो, "दोन मिनिटांचं काम. जिभेखालचा पडदा कापला की पोरगी बोलेल."

मंजी सात वर्षांची. गाव तिला मुकी म्हणायचं. "समदं समजस तिले," दगाआबा, तिचे वडील, म्हणाले, "पन तोंडमातून शबद निंघत नही. जीभ चिकटेल शे. कापी टाका."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. शहाद्याजवळच्या एका लहान दवाखान्यात मी ड्रेसर होतो, म्हणजे जखमा धुणारा. रत्नागिरीकडचा, शाळा चौथीतच सुटलेली. डॉक्टरीणबाईंनी ठेवून घेतलं हे उपकारच. काढून टाकतील ही धास्ती रोजची.

बाई आल्या. "जीभ दाखव बेटा."

मंजीने हनुवटी पुढे केली, गाल फुगवले, ओठ वेडेवाकडे केले. जीभ आतच.

"बघा बाई, चिकटलीय," मी म्हणालो.

"तू उचलून पाहिलीस?"

पाहिली नव्हती.

तेवढ्यात मंजीने आबांनी आणलेल्या काकवीच्या मडक्यात बोट घातलं. तोंड बरबटलं. जीभ झर्रकन बाहेर, वरचा ओठ साफ! बाई हसल्या. "आता पुन्हा दाखव." पुन्हा गाल फुगले.

मग बाई तिच्या पाठीमागे जाऊन हळूच म्हणाल्या, "कोंबडी आत आली." मंजी वळली. म्हणजे कान चांगले. "पाणी म्हण." एकदा "पा", एकदा "नापी", एकदा नुसते ओठ हलले.

"जीभ धड आहे, अक्कलही," बाई म्हणाल्या. "शब्द ठाऊक आहे, पण तोंड कसं हलवायचं ते मनाला जुळवता येत नाही. कापायचं काही नाही. शिकवायचं. तू शिकवशील."

"मी?"

"घाई तूच केलीस ना?"

दर बाजाराच्या दिवशी आबा तिला गाडीतून आणत. मी खलबत्त्यात औषध कुटायचो. एका ठोक्याला एक अक्षर, तिने माझ्या तोंडाकडे बघून म्हणायचं. मा. मा. पा. पा. चार महिने तेच.

एकदा तिला हिवताप आला. मी क्विनाईनचा कडू डोस पुढे केला. तिने तोंड फिरवलं आणि स्वच्छ म्हणाली, "नको."

आबा ताडकन उठले. "आजून एक डोस द्या इले! आजून बोलू द्या!"

बाईंनी मला काढलं नाही. मी एवढंच शिकलो: पेशंट बोलत नसला तर आधी ड्रेसरने गप्प बसावं.