दुपारी बंद असणारा पंप

देवयानीताई नागपूरची पाणीपुरवठ्यातली नोकरी सोडून कॅनडात रेजिनाला आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. इथल्या एका छोट्या संस्थेत त्या दक्षिण सुदानमधल्या गावांचे सोलर पंप बघायच्या. बघायच्या म्हणजे पहाटे बेसमेंटमध्ये शाल गुंडाळून व्हिडिओ कॉलवर. तिकडे तेव्हा दुपार असे.

या हिवाळ्यात डायरेक्टरने त्यांच्यापुढे एक फोटो टाकला. भरदुपारी पंपाला कुलूप आणि बाहेर रिकाम्या कॅनची रांग. गावच्या पाणी समितीची प्रमुख अचोल पाणी अडवते, तिला काढून आपला मॅनेजर बसवू, असं त्याचं म्हणणं होतं.

ताईंनी दुभाष्यामार्फत अचोललाच विचारलं. ती म्हणाली, दुपारी बोअरमध्ये पाणी चढू द्यावं लागतं. शेजारच्या गावात संस्थेचा मॅनेजर होता, तो दिवसभर उपसू द्यायचा. ती बोअर आटली. कुलूप सगळ्यांना सारखंच. बंदूकवाला कमांडर आला, तोही रांगेत थांबला.

"मॅनेजर नको," ती म्हणाली. "आणि बाई, राग मानू नका, पुढच्या वर्षी तुम्हीही नको. दुरुस्तीला आमच्या दोघी तयार झाल्यात."

ताई हसल्या. मग बराच वेळ जिन्यावर बसून राहिल्या. त्यांची नोकरी याच कामावर, दर मार्चला नव्याने होणाऱ्या करारावर होती, आणि पन्नाशी उलटलेल्या बाईला इथे दुसरी कोण देणार?

त्यांच्या नवऱ्याने, हेमचंद्ररावांनी, दारातला बर्फ शोव्हलने काढून आल्या आल्या सल्ला दिला. "नेमू दे की मॅनेजर. तुझं तरी चालू राहील."

"माझं चालू राहील, बोअर आटेल."

"मग मार्चनंतर काय करशील?"

"झोपेन."

 हेमचंद्ररावांनी पोहे गरम करून ताटली ताईंपुढे सरकवली.

मीटिंगमध्ये ताईंनी सांगितलं, अचोल राहू दे, तिथे आता आपली गरज नाही. डायरेक्टरने विचारलं, याचा तुमच्यासाठी अर्थ काय, कळतंय ना? ताईंनी मान हलवली. तो चटकन कबूल झाला, जरा जास्तच चटकन; दोन पगार वाचत होते.

मार्च संपला. झोप काही लागली नाही. ताई आता एका ग्रोसरीच्या दुकानात काउंटरवर उभ्या असतात. संध्याकाळी पाय सुजतात. अचोलचा फोन अजून आलेला नाही. काही बिघडलं असतं तर तिने केला असता, असं त्या हेमचंद्ररावांना सांगतात, आणि मीठ घातलेल्या गरम पाण्यात पाय सोडून बसतात.