पोटरी घेऊन या

चेहरा न बघता माणूस ओळखणारी व्यक्ती साऱ्या सोलापुरात एकच, आणि मी त्यांच्याच हाताखाली काम करते. आमचे सर एमआरआय मशीन चालवतात आणि माणसाची सगळी हकिगत त्याच्या पोटरीत असते असं मानतात. सात रस्त्याला लोक सिग्नल बघतात, सर पुढच्याच्या पोटऱ्या बघतात. "हा जिने चढतो," म्हणतात, "आणि तो नुसता लिफ्टचं बटण दाबतो." चुंबकापायी पट्टा, घड्याळ, किल्ल्या त्यांनी कायमच्या सोडल्यात. लग्नालाही ते नाडीची पँट घालून जातात आणि मुहूर्त होऊन गेला का, ते जेवणाऱ्यांना विचारतात. मटणाच्या दुकानात मांसाचा धागा कुठल्या दिशेनं जातो हे समजावल्याशिवाय ते खाटकाला सुरी चालवू देत नाहीत.

मी परराज्यातून नवीन आले होते तेव्हा मराठी वाक्य डोक्यात जुळवेपर्यंत समोरचा निघून जायचा. सरांना मात्र मी पहिल्याच दिवशी पसंत पडले, कारण माझ्या पोटरीच्या चाचणीत मशीनमध्ये अर्धा तास मी जराही हलले नाही. "असं माणूस मिळत नाही!" ते सगळ्यांना सांगत सुटले. याच गुणाबद्दल माझ्या शाळेनं आईला बोलावून घेतलं होतं.

सरांचं खूळ समजायला सोपं आहे. स्नायूतलं पाणी सारखं हलत असतं. तंतूच्या लांबीनं त्याला मोकळी वाट असते, आडवं जाताना भिंती लागतात. पाणी कुठे निघालंय ते मशीन मोजतं आणि त्यावरून संगणक तंतूंच्या रंगीत रेघा काढतो. सुई नाही, चिरफाड नाही. फाटलेला स्नायू कसा जुळतो ते बघायला सर एकाच पायाची तीन चित्रं काढतात. एक दुखापतीनंतर, एक बरं होताना, शेवटचं पूर्ण बरं झाल्यावर.

गेल्या हिवाळ्यात नातेपुत्याजवळच्या एका मुलीचं नाव तिच्या डॉक्टरांनी पाठवलं. पोलीस भरतीसाठी पळताना तिची पोटरी फाटली होती. सरांनी तिच्या वडिलांना फोन केला. सरांचे फोन म्हणजे तार. "उद्या पोटरी घेऊन सोलापूरला या. आत काय बिघडलंय बघू."

दुसऱ्या दिवशी वडील आले, एकटेच. काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली ज्वारीची पाच ताटं.

"मुलगी कुठंय?" सर म्हणाले.

"पोरीचं काय काम हितं? तुमीच म्हनला की पोटरी घेऊन या. ज्वारी कालच पोटरीत आलीय, कणीस अजून आतच हाय. खोडकिडा लई पडलाय, सायेब."

त्यांनी कृषी खात्यात तक्रार केली होती आणि फोन तिथलाच समजले होते. मला हसू आवरेना. सर मात्र गंभीर. दुपारी मशीन मोकळं झाल्यावर त्यांनी एक ताट आत ठेवलं. पडद्यावर रेघा उमटल्या.

"बघा पाहुणे, पाणी कसं सरळ चाललंय! आणि इथं किडीनं वाट तोडली."

वडील पडद्याजवळ सरकले. "पोरीच्या पायात पन असंच दिसंल?"

"असंच."

"मग उद्या आनतो तिला."

पहिल्या चित्रात मधल्या रेघा तुटलेल्या होत्या. दुसरं चित्र काढायला ती आली, तेव्हा भरती अडीच महिन्यांवर होती. "काका, पळू का नको, तेवढंच सांगा," ती म्हणाली. पोटरीवर तासन्‌तास बोलणारे सर एवढंच म्हणाले, "ते डॉक्टर सांगतील." ती गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि तब्बल वीस मिनिटं बोलले. तुटल्या जागी रेघा पुन्हा धरल्या होत्या, जरा वाकड्या, पण एका दिशेनं. डॉक्टरांनी तिला आधी चालायची, मग हळूहळू पळायची परवानगी दिली.

ती पळाली. वडिलांचा फोन आला. "सायेब, पोरगी लागली! पन तिसऱ्या फोटोला तुमी सोमवारी बोलवलंय, आन् सोमवारीच ट्रेनिंगला हजर व्हायचंय. तुमी म्हनाल तसं करू."

तिन्ही चित्रं पूर्ण झालेला एकही पाय सरांकडे नव्हता. बरी झालेली माणसं आमच्याकडे परत येत नाहीत, त्यांना यायचं कारणच उरत नाही. या एका पायाची सर कितीतरी महिने वाट बघत होते.

"फोटो राहू द्या," ते म्हणाले. "जाऊ द्या तिला."

संध्याकाळी मी तिची फाइल उघडली. "सर, तिसऱ्या चित्राच्या जागी काय लिहू?"

त्यांनी फाइलमधली दोन्ही चित्रं एकदा बघून घेतली.

"लिही," ते म्हणाले, "पेशंट कामावर गेली."