सहा विहिरींची शिक्षा

तुरुंगात जाताना मी यादी घेऊन जाते. नांदेडला मोफत वकिलांच्या पॅनेलवर आल्यापासूनची सवय. आत गेलं की प्रत्येक कैदी निर्दोष असतो आणि प्रत्येकाची कहाणी आजोबांपासून सुरू होते. म्हणून माझ्या कागदावर तीनच रकाने असतात: गुन्हा, शिक्षा, भोगून झालेली. त्या दिवशी लोह्याकडचा एक मजूर समोर बसला आणि म्हणाला, चोरी मीच केलीय. मला तो तिथंच आवडला.

त्यानं पलीकडच्या तालुक्यात, ओढ्याकाठच्या सहा विहिरींवरून मोटारींच्या केबल कापून नेल्या होत्या. विहिरी सहा, मालक सहा, म्हणून खटलेही सहा. कुणा शहाण्यानं त्याला सांगितलं, कबूल करून टाक, वर्षात सुटशील. त्यानं सहाही वेळा कबूल केलं आणि सहाही वेळा एकेक वर्ष मिळालं. या शिक्षा एकत्र भोगायच्या, हे वाक्य मात्र एकाही निकालात नव्हतं. ते नसलं की शिक्षा एकामागून एक चालतात. वर्ष भरलं तशी यानं वळकटी बांधली, तेव्हा शिपाई म्हणाला, बस खाली, अजून पाच आहेत.

चोरायच्याच होत्या तर एकाच मालकाच्या सहा मोटारी बघायच्या, एका खटल्यात भागलं असतं. मी हे त्याला बोलूनही दाखवलं.

"एवढी बागाईत आमच्याकडं हाय कुणाची, मॅडम?" तो म्हणाला.

अपिलाच्या कागदांसाठी त्याची बायको आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "एक वरीस बसू द्या म्हणून मीच म्हणले होते. अक्कल यायला तेवढं पुरं हाय. पर सहा वर्सांनी लेकरं वळखतील का त्याला?"

गुन्हा कबूल केलेला, त्यामुळं अपिलात वाद फक्त शिक्षेपुरता. एकच चोरी, एकच शिक्षा, हा मुद्दा मी पाच पानांत, चार निवाड्यांसह मांडला. सरकारी वकील म्हणाले, सहा जणांची उभी पिकं वाळली. ते खरंच होतं. मग न्यायाधीशांनी तुरुंगातून व्हिडिओवर जोडलेल्या, पडद्यावर दिसणाऱ्या आरोपीला विचारलं, काही सांगायचंय? मी त्याला बजावून ठेवलं होतं: हात जोडायचे, नाही म्हणायचं, गप्प बसायचं. त्यानं हात तेवढे जोडले.

"साहेब, सहाबी हिरी एकाच वढ्यावर हायत. मी एकदाच गेलतो. सहादा कशाला जाईन?"

साहेबांनी माझी पाच पानं बाजूला सारली आणि सहा निकालांतल्या घटनेच्या तारखा स्वतः बघितल्या. सगळीकडं एकच. शिक्षा एकत्र भोगायच्या, असा हुकूम झाला. तोवर तो चौदा महिने आत होता.

दुसऱ्या दिवशी तो फाटकाबाहेर आला. बायको पिशवी घेऊन उभी होती. त्यानं मला नमस्कार केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मॅडम, वरचे दोन महिने जमा ऱ्हात्यात का?"

मी म्हटलं, नाही, गेले ते गेले.

"जमा ठिवून परत कुठं जायचंय तुमाला?" बायकोनं पिशवी त्याच्या हातात कोंबली आणि लोह्याच्या गाडीकडं चालायला लागली. तोही मागून निघाला, जरा जपून.