हिंमतरावांनी भरलेला पल्ला

हिंमतराव पडले ते सकाळी, आंघोळ करून येताना. तोल गेला म्हणून त्यांनी जवळच्या सागवानी कपाटाच्या दाराचा पल्ला धरला. बिजागऱ्या निघाल्या, पल्ल्याचा खालचा कोपरा फुटला, आणि माणूस नि लाकूड दोन्ही एकदमच फरशीवर आले. उजव्या अंगाला लकवा मारला होता.

जानेफळच्या शिवारात त्यांच्या हाताला नाव होतं. कलम करताना खुंटाच्या सालीत बारीक चीर द्यायची आणि तिच्यात संत्र्याचा डोळा अलगद बसवायचा, याला डोळा भरणं म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी डोळे भरले. आता तोच हात मांडीवर पडून असायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

हातात बळ यावं म्हणून मेहकरच्या डॉक्टरीणबाईंनी रोज कणकेचा गोळा मळायला सांगितला. तिसऱ्या दिवशी हिंमतरावांनी परात ढकलून दिली.

“आता पोळ्या लाटू का मी?”

सून योगिनीनं परात उचलून घेतली. दुसऱ्या दिवशी तिनं परातीत सागाचा भुसा आणि डिंकाची बाटली आणून ठेवली. लाकडातले खड्डे असे भरतात, हे तिनं मोबाइलवर पाहिलं होतं.

“मामाजी, मळाचंच हाये त हे मळा. पल्ला तुमीच तोडला, तुमीच भरा.”

“अन् चाळू कायनं?”

योगिनीनं सासूची चहाची गाळणी पुढं केली. सरस्वतीबाईंनी कपाळावर हात मारला, पण गाळणी परत मागितली नाही.

हाताला पिशवी बांधून हिंमतराव डिंकात भुसा मळू लागले. बोटं मिटायची, उघडायला वेळ लागायचा. दुपारी त्यांना एक विचित्र गुंगी यायची. त्या गुंगीत बोटं पाण्यात शिरावी तशी लाकडात शिरत. आत खोल कुठंतरी एखाद्या जुन्या सालचा पाऊस अजून गार होता. झाडाच्या आतून वर चढत चढत ते पानापर्यंत येत, आणि कुणी भांडं आपटलं की जागे होत.

पहिला लेप वाळून आक्रसला आणि कोपऱ्यातून सुटून खाली पडला. एकदम एवढा जाड थर धरत नाही, हे तेव्हा कळलं. मग ते पातळ थर देऊ लागले. कोपऱ्याला पुठ्ठ्याचा साचा बांधायचा, आतून प्लास्टिक लावायचं, एक थर भरायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं. थांबणं त्यांना येत होतं. रंगासाठी त्यांनी लेपातच कात कालवला. शेवटचा थर मुद्दाम जरा वर ठेवला आणि पॉलिशपेपरनं घासून पल्ल्याच्या पातळीला आणला.

कोपरा उभा राहिला, पण निर्जीव दिसत होता. नुसता तपकिरी डाग.

“रेघा नाहीत ना त्याले,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “लाकडाले रेघा असतात.”

हिंमतरावांनी बारीक ब्रश घेतला. उजवा हात थरथरत होता. डाव्या हातानं मनगट धरून त्यांनी एक रेघ ओढली. ती सरळ गेली नाही. कापत, वळत, कुठं जाड होत ती पल्ल्यातल्या खऱ्या रेघेला जाऊन भेटली. त्यांनी श्वास रोखून पाहिलं. सागाच्या रेघा तरी कुठं सरळ असतात? त्यांनी मनगट सोडून दिलं. हात कापत राहिला, रेघा उमटत राहिल्या.

सागरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, पल्ला बसवला तेव्हा सरस्वतीबाईंनी कोपऱ्यावरून हात फिरवला. “कुठं भरला हो? दिसूनच नाही राहिला.” त्यांनी विचारलं. हिंमतराव पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. हसू तोंडाच्या एकाच बाजूला होतं, पण होतं.

गावात ही गोष्ट पसरली. कुणी पाट आणला, कुणी पोळपाट. पोळपाट त्यांनी परत पाठवला. खाण्याच्या वस्तूला डिंक नको म्हणाले. मार्गशीर्षात गावातल्या चांगुणाबाई आपल्या नवऱ्याची, नारायणरावांची, खुर्ची घेऊन आल्या. नारायणराव जाऊन सहा वर्षं झाली होती. खुर्चीच्या हाताला लांब भेग होती, आणि बसायची फळी घुणानं पोखरली होती. चांगुणाबाईंनी ती गोठ्यात ठेवली होती. कुणाला बसू दिलं नव्हतं, टाकूही दिली नव्हती.

“जमंल का?”

“वेळ लागंल. एकेक छेद भरा लागते.”

सव्वा महिना लागला. आधी किडीचं औषध घातलं, मग सुईनं घुणाचं एकेक भोक भरलं. उजव्या हाताची दोन बोटं आता सुई धरत होती; बाकीची तशीच राहिली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशीच राहतील.

खुर्ची न्यायला चांगुणाबाई उन्हं वर आल्यावर आल्या. हिंमतरावांनी ती अंगणात कडुलिंबाखाली ठेवली होती.

“बसून पाहा, वहिनी. डुगडुगते का?”

“मी काऊन बसू त्यात?” म्हणत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पदर सावरून हळूच टेकल्या. भेग होती तिथं त्यांची बोटं आपोआप गेली, थांबली. पाठ मागं रेलली. डोळे मिटले.

सरस्वतीबाई चहा घेऊन आल्या तेव्हा चांगुणाबाई झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, चेहरा एखाद्या पोरीसारखा सैल.

“उठवू का?” सरस्वतीबाई कुजबुजल्या.

“नोको. झोपू दे.”

लिंबाची सावली सरकत चांगुणाबाईंच्या पायांवर आली. त्यांना जाग येईपर्यंत हिंमतराव पायरीवर बसून होते.