तीन पुस्तकं आणि एक ओटी

माझ्या शालूला विषमज्वर झाला होता. विसाव्या दिवशी मी गोव्याच्या शांतादुर्गेला नवस बोलले, "माझी लेक उठून बसू दे, मी स्वतः येऊन तुझी ओटी भरीन. तोवर केसांत फूल माळणार नाही." दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. शालू हुंदडायला लागली, तरी वर्ष उलटलं आणि माझा अंबाडा फुलाविनाच! का, तर प्रवासाला कुठलं पुस्तक न्यायचं, ते आम्हा तिघींचं ठरेना. नवस एवढासा, पण त्याच्या वाटेवर किस्से इतके साठले की आमच्या मंगळवारच्या भजनात हल्ली अभंग मागे पडतात.

*

तिघी म्हणजे मी, शेजारच्या गोदाक्का आणि निपाणीहून बेळगावात आलेल्या, वकिलांच्या यमुनावहिनी. वाटेत इंग्रजांचा मुलूख संपून पोर्तुगिजांचा लागणार, म्हणून यमुनावहिनींनी बजावलं, परमुलखात गाइड-बुकाशिवाय पाऊल टाकायचं नाही.

गोदाक्का म्हणाल्या, "शेजारचं वडगाव संस्थानी मुलखात हाय न्हवं? दर संक्रांतीला लुगडं आणाया परमुलखातच जाते की मी. चपला घालून जाते गं, पुस्तक घेऊन न्हाय."

*

तरी यमुनावहिनींनी वकिलांच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक आणलंच. पुण्यात छापलेलं. पहिल्या पानावर पुणे स्टेशन, आणि तिथून प्रवास सुरू. बेळगाव पार चाळिसाव्या पानावर, दोन ओळींत.

गोदाक्कांनी शांतपणे विचार केला. म्हणजे आधी पुण्याला जायचं, मग मागं फिरायचं. "चालंल. येताना आपल्याच दारावरनं जाऊ. दूध उतू गेलं का ते तरी बघता येईल."

*

मग आमच्या ह्यांनी कचेरीतल्या साहेबाचं इंग्रजी पुस्तक आणलं. शिकार कुठं मिळते, डाक-बंगला कुठं आहे, सगळं होतं त्यात. देवळाबद्दल एकच ओळ. ह्यांनी अर्थ सांगितला: मंदिर बाहेरून पाहण्यासारखे आहे.

गोदाक्कांचा वाती वळणारा हात थांबला. "मग ओटी भरून घ्याया देवीनं बाहेर यायचं व्हय?"

*

माझं पुस्तक बारीकसं, जत्रेत घेतलेलं. एका यात्रेकरूनं लिहिलेलं. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, उपासाचं कुठं मिळतं, सारं मायेनं सांगितलेलं. फक्त गोव्याची हद्द लागली की पुढची पानं वाळवीनं खाल्लेली!

शेवटी देवीलाच कौल लावायचं ठरलं. तसबिरीला तीन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, एकेका पुस्तकाची एकेक. जी आधी पडेल ते पुस्तक न्यायचं. हात जोडून बसलो, आणि गोदाक्का शिंकल्या. तिन्ही पाकळ्या एकदम खाली.

"झाला कौल," गोदाक्का म्हणाल्या. "एकबी नको."

तिघींनी एकमतानं मान डोलावली.

*

आगगाडीनं लोंढ्यापर्यंत गेलो, मग घाट उतरून कुळे स्टेशनावर पोचलो. तिथं पोर्तुगिजांची जकात. अधिकाऱ्यानं आमची सामाईक ट्रंक उघडली. त्या मुलखात छापील कागदाचा फार संशय. आणि ओटीच्या खाली निघाली पुस्तकं. तिन्ही! यमुनावहिनी माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे. साहेबाचं इंग्रजी पुस्तक ठेवलं होतं गोदाक्कांनी, ज्यांना अक्षरओळख नाही.

त्यानं पुस्तकं बाजूला काढली. मग नव्या कोऱ्या खणावर हात ठेवला आणि कोकणीत विचारलं, हे कुणाचं? ओटी इथंच राहिली तर देवीला काय तोंड दाखवू?

"देवीचं," मी म्हटलं. "लेक वाचली माझी."

त्याच्या गळ्यात क्रूस होता. मग एकाएकी बाहेर गेला, आणि परत आला तो हातात अबोलीची वेणी घेऊन. ती खणावर ठेवली, ट्रंकेचं झाकण स्वतः लावलं.

"म्हज्या बायलेच्या नांवान," एवढंच बोलला, बायकोच्या नावानं वाहा म्हणून. घरी तीही आजारी असावी.

पुस्तकं तिथंच राहिली. आम्ही विचारत विचारत देवळापर्यंत गेलो. आधी त्याची वेणी वाहिली, मग माझी ओटी भरली. पुजाऱ्यांनी प्रसाद म्हणून तीच वेणी माझ्या हातात दिली, आणि गोदाक्कांनी ती माझ्या अंबाड्यात माळली. वर्षभरानं डोकं कसं हलकं वाटलं!

तुम्हीही कधी तिकडं निघालात, तर एवढं करा. ओटीवर एक वेणी जास्त घ्या. कुणाच्या नावानं असं विचारलं, तर सांगा, कुळ्याच्या साहेबांच्या बायकोच्या.