अंगण वाकडं होतं तोवर

गिरधर आबांनी उभ्या आयुष्यात केळीशिवाय दुसरा माल फारसा वाहिला नाही. शिरपूरजवळचं गाव, सुकदेव शेठचा ट्रक, मागे हिरव्या घडांची रास आणि बिजासन घाट चढून इंदूर, कधी थेट दिल्ली. कांदा भरणाऱ्या ड्रायव्हरांकडे ते जरा वरूनच बघत. कांद्याला काय, आज पोचला काय अन् परवा पोचला काय. केळं वाटेतच वयात येतं, असं ते म्हणत, आणि ताडपत्री उचलून नुसत्या वासावर सांगत की गाडी आता कुठे पोचलेली असायला हवी. रस्त्यावर चूक झाली तर ती नेहमी समोरच्याची. आणि खरं सांगायचं तर ती बहुतेक वेळा असायचीही समोरच्याचीच, म्हणून ही सवय कुणाला खुपली नाही.

घरात मात्र खुपायची. चहाचा कप डाव्या हाताशी ठेवला की हमखास लवंडायचा आणि बोलणी बसायची बायकोला, कुंदाबाईंना. शेवटी त्या कप उजवीकडे ठेवायला लागल्या आणि विषय मिटला. नवऱ्याच्या हातावर त्यांचा देवासारखा विश्वास. शेजारणींशी भांडतानाही त्या मध्येच म्हणायच्या, 'यास्ना हात दखा, मंग बोला.'

माघात तो प्रकार झाला. परतीचा माल भरून बिजासन घाट उतरताना, डाव्या कडेला पंक्चर होऊन उभ्या असलेल्या ट्रकला आबांची गाडी घासत गेली. चाक बदलणारा ड्रायव्हर पाना आणायला नुकताच बाजूला झाला होता म्हणून वाचला. बंद गाडीमागे दगड मांडायचे आणि झाडाची फांदी उभी करायची, हा रस्त्यावरचा रिवाज. आबा खाली उतरले ते त्या माणसावरच धावून गेले. फांदी का ठेवली नाही? तो शपथा घेऊन सांगत होता की ठेवली होती, तुमच्याच चाकाखाली गेली. जमलेल्या ड्रायव्हरांनी आबांचे पांढरे केस पाहिले आणि त्या माणसाच्या कानाखाली दोन वाजवल्या. आबांनी कुणाला अडवलं नाही. खोटं बोलणाऱ्याला मिळायलाच हवं, असं त्यांना मनापासून वाटलं.

गावी आल्यावर आबा म्हणाले, ब्रेक उशिरा लागला. सुकदेव शेठने मिस्त्रीला गाडी दाखवली. ब्रेक चांगला होता. शेठ वाईट बोलले नाहीत, फक्त म्हणाले, 'आबा, थोडा दिन आराम करा,' आणि गाडीवर दुसरा ड्रायव्हर बसवला.

आबा तरीही रोज सकाळी अंघोळ करून खाकी शर्ट घालून ओट्यावर बसत. घरी बसलेला ड्रायव्हर कुणाच्याच कामाचा नसतो, स्वतःच्या तर मुळीच नाही. मग चैत्र सरता सरता शेठ एकदा घरी आले. म्हणाले, 'आबा, आखाजीनंतर नवी गाडी येई रायनी. तुम्ही हो म्हना, गाडी तुमना ताबामा. तुमना शब्दवर शे बठ्ठं.'

कुंदाबाईंनी लगेच साखर आणायला आत धाव घेतली. आबांनी तिथल्या तिथे हो म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, सांगतो. आत कुठेतरी धाकधूक होती. हात राहिलाय की गेलाय, हे बघायचं कुठे? दुसऱ्याची गाडी चालवायला मागायची तर लाज. तोंडानं कितीही मोठेपणा केला तरी दुसऱ्याचा माल आणि दुसऱ्याचा जीव यांच्या बाबतीत खोटा शब्द द्यायचा नाही, एवढं त्या माणसाचं खरं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली. ही नूतन. जळगावला असते, घरांचे नकाशे काढायचं काम करते, आणि ते काम माहेरीही पाठ सोडत नाही म्हणून दांडगा लॅपटॉप बरोबर घेऊन आली. तिचा नवरा हितेंद्र कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. सासऱ्यांचा वेळ जावा म्हणून त्याने दुकानात पडून असलेलं गेमचं स्टिअरिंग आणि पायाने दाबायचे पेडल तिच्याबरोबर पाठवून दिले होते. नूतनने ट्रकचा गेम लावून दिला. कुणा हौशी पोरांनी आपल्याकडच्या रस्त्यांचा नकाशा बनवून त्यात घातला होता. त्यात घाट होता, धाबे होते, कडेला बंद पडलेले ट्रकही होते.

आबा आधी हसले. मग बसले. मग उठेनात. लेकीला वाटलं, बाबांना नाद लागला. नाद कसला, आबा रोज दुपारी कूलरसमोर बसून स्वतःची परीक्षा घेत होते. घाट एकदा न धडकता उतरला की शेठला फोन करायचा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

घाट काही उतरेना. चित्र अडकत अडकत पुढे जायचं. स्टिअरिंग फिरवावं तर ट्रक जागचा हलायचा नाही, आणि हलला की एकदम कठड्यावर. आबा कावले. 'मी आठे वळावस, गाडी तठे जाईसन वळस. मशीन अडकस.' ओट्यावर गप्पा मारायला येणारा उखर्डू भाऊ फिस्सकन हसला आणि म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवसापासून कुंदाबाईंनी उखर्डूला चहा विचारला नाही.

पण आबांच्या तक्रारीत खोट नव्हती. नूतनने जळगावला फोन लावला तेव्हा हितेंद्रने पहिलं हेच विचारलं, लॅपटॉप बॅटरीवर चालतोय की चार्जरवर? बॅटरीवर असला की तो वीज राखून खेळतो, जोर लावत नाही. चार्जर लावला. थोडा फरक पडला, पण अडकणं गेलं नाही. आबांचा चेहरा उलट खुलला. म्हणजे खोट मशीनमध्येच आहे, हे जावयानं मान्य केलं होतं.

पुढच्या रविवारी हितेंद्र नूतनला न्यायला आला. जेवण झाल्यावर त्याने लॅपटॉप पुढ्यात ओढला. 'मामा, यात चित्र काढणाऱ्या दोन चिपा असतात,' तो सांगू लागला. 'एक लहान, साध्या कामाची. दुसरी मोठी, जड कामाची. तुमचा गेम सगळा लहानीवर चाललाय. मोठीला कुणी उठवलंच नाही.'

आबा पुढे सरकले. 'म्हंजे उस्ताद केबिनमा झोपेल शे, अन् क्लीनर गाडी हाकी रायना?'

'अगदी तसंच,' हितेंद्र म्हणाला आणि हसला. सासऱ्यांना इतकं खुशीत त्याने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

त्याने सेटिंगमध्ये जाऊन गेमच्या नावापुढे मोठ्या चिपची निवड केली. गेम पळायला लागला. आबा स्टिअरिंग धरणार तेवढ्यात पंखा घरघरला, लॅपटॉप तापला आणि चित्र पुन्हा अडकायला लागलं. तापला की तो आपला जीव वाचवायला हळू होतो, हितेंद्र म्हणाला. त्याने मागचं झाकण उघडलं. आत धूळ आणि कापसाचं तूस मिळून पंख्याच्या तोंडाशी नमदा बसला होता. तो ब्रशने काढला, चिपांवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला, आणि हवा खेळावी म्हणून लॅपटॉप दोन फरशीच्या तुकड्यांवर ठेवला. कोपऱ्यात एक आकडा दिसायचा, सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा. तो विशीत रखडत होता, तो साठीवर जाऊन तिथेच थांबला.

'बसा मामा,' हितेंद्र म्हणाला. 'आता तुमची गाडी.'

आबा बसले. बोट हलवावं तशी गाडी हलत होती. पहिलं वळण त्यांनी असं घेतलं की हितेंद्रच्या तोंडून वा निघून गेलं. दुसरं, तिसरं. गिअर खाली, ब्रेकवर नुसता पाय टेकवलेला. आबांच्या मनात शेठचा नंबर घोळायला लागला. नव्या गाडीच्या काचेवर कुलदैवताचं नाव घालायचं, हेही ठरून गेलं.

पुढच्या उतारावर सरळ रस्ता होता. तिथे ट्रक धाडकन कशावर तरी आदळला.

'हाऊ कथाईन उना?' आबांनी विचारलं. मधेच हा आला कुठून, हेच त्यांना कळेना.

'मामा,' हितेंद्र सहज बोलून गेला, 'तो तर लांबूनच दिसत होता.'

आबांनी मान डावीकडे वळवली. कडेला एक ट्रक उभा होता. त्याच्यामागे दगड होते. दगडांत खोचलेली हिरवी फांदी होती. मान सरळ केली की सगळं गेलं. अंधारही दिसत नव्हता, ते नुसतं नव्हतंच. त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. समोरचं लख्ख, डावीकडे काहीच नाही. हात जिथल्या तिथे होते. वळणं घेणारे ते हातच होते.

मशीन अडकत होतं तोवर बरं होतं.

हितेंद्रच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्याच्या वडिलांना काचबिंदू होता, मान वळवून वळवून बघायची ही रीत त्याने घरात पाहिली होती. तो हळूच म्हणाला, 'उद्या धुळ्याला डॉक्टरकडे जाऊ मामा. आहे ती नजर राखता येते.'

'अन् गई ती?'

हितेंद्रने मान हलवली. गेलेली येत नाही.

आबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. त्यांच्या डोळ्यांपुढे घाटातला तो माणूस होता, गालावर हात धरून शपथा घेणारा. तो खरं बोलत होता. त्याचं नाव, गाव, गाडीचा नंबर, कुणी काहीच विचारलं नव्हतं. माफी मागायची तर कुणाची? इतकी लाज आबांना जन्मात कधी वाटली नव्हती. त्यांनी मोबाईल काढला आणि जावयासमोरच शेठला फोन लावला.

'शेठ, नवी गाडी दुसराले द्या.'

'का बरं आबा?'

'मना डोया गयात.' एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला, आणि तसंच जावयाकडे बघत म्हणाले, 'हितेंद्रराव, घरमा काई सांगू नका. तिले मीच सांगसू. आज नही.'

तेवढ्यात कुंदाबाई चहा घेऊन आल्या. कप त्यांनी उजवीकडे ठेवला आणि विचारलं, 'जवाई, व्हयनं का मशीन नीट?'

जळगावच्या बाजारात हितेंद्रचं नाव होतं, त्याच्या हातून यंत्र न सुधारता परत जात नाही म्हणून. तो म्हणाला, 'नाही मामी. खूप प्रयत्न केला. नाही होणार ते.'

कुंदाबाईंना वाईट वाटलं, पण हायसंही वाटलं. 'मी ते पहिलेच सांगी रायंतू,' त्या म्हणाल्या. 'खोट मशीनमाच शे. यास्ना हातमा नही.' आणि उद्याच उखर्डूला गाठून हे तोंडावर ऐकवायचं, असं ठरवत त्या रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.